भिंतीवरचा जिम आणि वहीतला जिम

आपल्या हॉस्टेलच्या कुठल्याही विंगमध्ये एक चक्कर मारा. एका खोलीत सचिन, एका खोलीत विवेकानंद, एका खोलीत गेल्या वर्षीचं कॅलेंडर आणि पाच-सहा खोल्या सोडून एक उघड्या छातीचा, कुरळ्या केसांचा, गळ्यात मण्यांची माळ घातलेला गोरा पोरगा हमखास सापडतो. कोण रे हा, असं विचारलं की उत्तर तयार असतं, "जिम मॉरिसन. द डोअर्स. लेजंड होता यार!" लेजंड म्हणजे नेमकं काय, असं पुढे विचारलं तर सगळी माहिती तीन वाक्यांत संपते. प्रचंड प्यायचा, स्टेजवर राडा घालायचा आणि सत्ताविसाव्या वर्षी गेला. संपलं!

आता यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण एवढ्याच भांडवलावर माणूस पन्नास-पंचावन्न वर्षं भिंतीवर टिकतो का? माझं म्हणणं असं की ज्या गोष्टींसाठी आपण मॉरिसनला डोक्यावर घेतो, नेमक्या त्याच गोष्टींनी त्याच्यातल्या लेखकाचं नुकसान केलं. आणि ज्या गोष्टीमुळे त्याच्या हातून चांगलं काम झालं, तिच्याबद्दल आपण अवाक्षर काढत नाही. ती गोष्ट म्हणजे त्याला 'हे जमलं नाही' असं तोंडावर सांगू शकणारी त्याच्या बरोबरीची तीन माणसं.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. जेम्स डग्लस मॉरिसनचा जन्म ८ डिसेंबर १९४३ चा, फ्लोरिडातल्या मेलबर्न गावचा. वडील अमेरिकन नौदलात अधिकारी, पुढे रिअर ॲडमिरल झाले. १९६४ च्या ऑगस्टमध्ये टोंकिनच्या आखातातली जी घटना घडली आणि जिच्यानंतर अमेरिका व्हिएतनाम युद्धात पुरती उतरली, त्या वेळी तिथल्या अमेरिकन नौदलाच्या तुकडीचं नेतृत्व याच्या वडिलांकडे होतं. आणि १९६८ मध्ये पोरगा युद्धाविरुद्ध गाणं म्हणत होता! घरात काय वातावरण असेल याची कल्पना करा. रेकॉर्ड कंपनीला माहिती देताना तर त्याने आपले आई-वडील हयात नाहीत असं सरळ ठोकून दिलं होतं. ते दोघंही ठणठणीत होते.

वडिलांच्या बदल्यांमुळे याची शाळा सतत बदलायची. आपल्याकडे बँकेतल्या किंवा मिलिटरीतल्या लोकांच्या मुलांचं होतं तसंच. अशा पोराला मित्र कमी आणि पुस्तकं जास्त. नित्शे, विल्यम ब्लेक, बोदलेअर, रँबो, केरूआक... शाळकरी वयातच याने वाचनाचा फडशा पाडला होता. याने वर्गात नावं घेतलेली पुस्तकं खरोखर आहेत की हा थापा मारतोय, हे एका शिक्षकाने वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये तपासायला लावलं आणि पुस्तकं निघाली, असा किस्सा सांगतात. तेव्हापासून तो वह्या भरत होता. फ्लोरिडात थोडं शिकून तो लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये सिनेमा शिकायला गेला आणि १९६५ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. नोकरी नाही, मुक्काम एका मित्राच्या गच्चीवर, जवळ फक्त वही. ही अवस्था आपल्यातल्या बऱ्याच जणांना परिचयाची असावी!

त्याच उन्हाळ्यात व्हेनिस बीचवर त्याला कॉलेजातला रे मँझारेक भेटला. रेने सहज विचारलं, काय करतोस? हा म्हणाला, गाणी लिहितोय. मग लाजत-लाजत त्याने एक म्हणून दाखवलं आणि रेला ते इतकं आवडलं की तिथल्या तिथे बँड काढायचं ठरलं. पुढे महर्षी महेश योगींच्या ध्यानाच्या वर्गात मँझारेकला ड्रम वाजवणारा जॉन डेन्समोर भेटला आणि त्याच्या ओळखीने गिटारवाला रॉबी क्रीगर आला. हा क्रीगर रविशंकरांच्या लॉस एंजेलिसमधल्या किन्नरा स्कूलमध्येही शिकलेला. डोअर्सच्या काही लांब गाण्यांत गिटार एका सुराभोवती घुटमळत हळूहळू वर चढते, आलापासारखी. ती का, हे आता लक्षात येईल. बँडचं नाव मात्र पुस्तकातून आलं. ऑल्डस हक्सलीच्या १९५४ सालच्या पुस्तकाचं नाव ब्लेकवरून घेतलेलं आणि याने ते हक्सलीकडून उचललं.

आता मुद्द्याचं ऐका. मॉरिसनला एकही वाद्य वाजवता येत नव्हतं. चाली त्याच्या डोक्यात असायच्या, पण त्या कागदावर उतरवणं त्याच्या आवाक्याबाहेर होतं. तरीही बँडचा चेहरा तोच होता. अशा वेळी दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, गाणं माझं, नाव माझं, पैसाही माझाच जास्त. याने उलटं सुचवलं. सगळं चौघांत सारखं. गाण्यांवर नाव 'द डोअर्स', पैशाचे चार समान वाटे आणि प्रत्येकाला नकाराधिकार. एकाने नाही म्हटलं की नाही! आपल्याकडे फायनल इयर प्रोजेक्टवर चार नावं असतात आणि काम एकाचं असतं. इथे चार नावं होती आणि काम खरंच चौघांचं होतं.

याचा फायदा बघा. जानेवारी १९६७ मध्ये पहिला अल्बम आला. त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं 'लाइट माय फायर'. जुलैमध्ये ते अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. भिंतीवर मॉरिसन लावणाऱ्या कितीजणांना ठाऊक आहे की ते मुळात क्रीगरचं आहे? गाणी कमी पडत होती, तेव्हा सगळ्यांनी घरी जाऊन एकेक लिहून आणा, असं ठरलं होतं. क्रीगरने हे आणलं, मॉरिसनने दुसऱ्या कडव्यात भर घातली, सुरुवातीची ऑर्गनची धून मँझारेकने रचली, ठेका डेन्समोरने बसवला. मॉरिसनच्या वहीतल्या ओळींचंही असंच व्हायचं. त्या तिघांच्या हातांखालून गेल्या की जास्तीचं गळून पडायचं आणि उरलेलं लखलखायचं.

याच्या उलटचं उदाहरण १९६८ चं आहे. 'सेलिब्रेशन ऑफ द लिझर्ड' नावाची त्याची एक लांबलचक कविता होती. तिसऱ्या अल्बमची एक पूर्ण बाजू तिला द्यायची असा त्याचा बेत होता. स्टुडिओत खूप झटापट झाली, पण ते जमेना. शेवटी त्यातला एक तुकडा तेवढा गाणं म्हणून घेतला आणि पूर्ण कविता अल्बमच्या कव्हरच्या आत छापली. मॉरिसनला वाईट वाटलं असणारच. पण मला विचाराल तर तो निर्णय बरोबर होता. तो तुकडा आजही अंगावर काटा आणतो आणि पूर्ण कविता वाचताना मन मध्येच भरकटतं.

शब्दांच्या बाबतीत हा माणूस किती कडक होता, त्याचे दोन दाखले देतो. १९६९ च्या 'द सॉफ्ट परेड' या अल्बममध्ये क्रीगरच्या एका गाण्यात बंदुका उचलण्याची भाषा होती. मॉरिसनने ते गायलं, पण ते शब्द आपले आहेत असं लोकांना वाटू नये म्हणून पहिल्यांदाच गाण्यांवर वेगवेगळी नावं छापायला लावली. दुसरा दाखला ब्यूक गाडीचा. १९६८ मध्ये कंपनीला 'लाइट माय फायर' जाहिरातीसाठी हवं होतं. मॉरिसन गावाला गेलेला, संपर्क होईना, म्हणून तिघांनी होकार देऊन टाकला. परत आल्यावर तो भयंकर भडकला. ब्यूक स्टेजवर आणून हातोड्याने फोडेन, अशी धमकी त्याने दिली असं सांगतात. जाहिरात शेवटी बारगळली. लक्षात घ्या, गाणं मुख्यतः क्रीगरचं होतं. तरी भांडला हा.

म्हणजे १९६८ पर्यंत आपल्यासमोर एक वाचणारा, लिहिणारा, मित्रांचं ऐकणारा आणि तत्त्वासाठी भांडणारा मुलगा आहे. भिंतीवरचा तो फोटो जोएल ब्रॉडस्कीने १९६७ मध्ये काढला, तेव्हा मॉरिसन २३ वर्षांचा होता. पुढच्या तीन वर्षांत त्याने दाढी वाढवली, वजन वाढलं, डोळे सुजले. पण जगाने घड्याळ १९६७ वरच थांबवलंय. दारूने तीन वर्षांत माणसाचं काय केलं, ते दाखवणारा फोटो कोणी खोलीत लावत नाही!

दारूबद्दल स्पष्टच बोलतो. मॉरिसनची दारू रोमँटिक नव्हती, कंटाळवाणी होती. रेकॉर्डिंगला हा झिंगलेला येणार आणि बाकीचे ताटकळणार. तिसऱ्या अल्बमच्या वेळी वैतागून डेन्समोर काठ्या टाकून निघून गेला होता, दुसऱ्या दिवशी परत आला. १ मार्च १९६९ ला मायामीच्या डिनर की ऑडिटोरियममध्ये जे झालं, ते तर जगजाहीर आहे. त्याच्या आदल्याच आठवड्यात लॉस एंजेलिसमध्ये त्याने 'लिव्हिंग थिएटर'चे प्रयोग पाहिले होते. प्रेक्षकांना अस्वस्थ करणारं, अंगावर येणारं ते नाटक बघून हा भारावला होता. तसं काहीतरी करायचं डोक्यात होतं, पण हॉल क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त भरलेला आणि हा प्रचंड प्यायलेला. गाणी अर्धवट, शिवीगाळ आणि शेवटी गोंधळ. काही दिवसांनी अश्लील वर्तनाचं वॉरंट निघालं. त्याने कपडे काढलेच नाहीत असं बाकीचे तिघं कायम सांगत आले. तरी १९७० मध्ये त्याला दोषी ठरवून सहा महिने कैद आणि ५०० डॉलर दंड सुनावला. त्याने अपील केलं. अपिलाचा निकाल लागण्याआधीच तो गेला. फ्लोरिडाने त्याला माफी दिली ती ९ डिसेंबर २०१० ला, एक्केचाळीस वर्षांनी!

मायामीनंतर कार्यक्रम धडाधड रद्द झाले. १२ डिसेंबर १९७० ला न्यू ऑर्लिन्सच्या कार्यक्रमात तो स्टेजवरच कोलमडला आणि यापुढे जाहीर कार्यक्रम नाहीत, असं बँडने ठरवलं. गंमत म्हणजे त्याच सुमारास त्यांचा सगळ्यात मोकळा अल्बम तयार होत होता, 'एल. ए. वुमन'. जुना निर्माता रॉथचाइल्ड मध्येच सोडून गेला, तर यांनी आपल्या सरावाच्या जागेतच सामान लावलं आणि मॉरिसनने आवाज घुमावा म्हणून चक्क बाथरूमच्या दारात उभं राहून गाणी म्हटली. आमच्या विंगमधल्या बाथरूम-सिंगर्सनी नोंद घ्यावी! महत्त्वाची गोष्ट अशी की गर्दी नव्हती, फक्त चौघं आणि मोजके सोबती होते. तेव्हा त्याला पुन्हा काम जमलं.

आता कवितेकडे येऊ. त्याच्या कविता कशा आहेत? भक्त म्हणतात महान, टीकाकार म्हणतात कॉलेजकुमाराची वही. माझं मत मधलं आहे. १९६९ मध्ये त्याने 'द लॉर्ड्स' आणि 'द न्यू क्रीचर्स' ही दोन पुस्तकं स्वतःच्या खर्चाने छापली. प्रत्येकी फक्त १०० प्रती. बीट पिढीतला कवी मायकेल मॅक्लुअर हा त्याचा मित्र होता आणि त्यानेच याला छापायला उभारी दिली. पुस्तकावर नाव टाकलं जेम्स डग्लस मॉरिसन. लाखो रेकॉर्ड खपणारा गायक १०० प्रती काढतो आणि प्रसिद्ध नाव लपवून पूर्ण नाव टाकतो, यातच त्याला काय हवं होतं ते कळतं. त्याला वाचणारे हवे होते, किंचाळणारे नको होते. १९७० मध्ये सायमन अँड शुस्टरने दोन्ही मिळून एक पुस्तक काढलं. त्यातली सिनेमाबद्दलची, पाहण्याबद्दलची टिपणं मला फार आवडली. पडद्याकडे टक लावून बसलेला प्रेक्षक हळूहळू स्वतः जगायचं विसरतो, असा विचार त्यात वेगवेगळ्या अंगांनी येतो. मोबाईल हातात धरून रात्रीचे तीन वाजवणाऱ्या आपल्या पिढीने वाचावीत अशी ती आहेत. पण त्याच पुस्तकात पानंच्या पानं अशी आहेत की जिथे प्रतिमांचा नुसता ढीग पडलाय. तिथे कोणीतरी पेन्सिल घेऊन बसायला हवं होतं. गाण्यांना तीन मित्रांची पेन्सिल मिळाली, कवितांना मिळाली नाही. आणि प्रसिद्धी आल्यावर कोण लावणार पेन्सिल? आजूबाजूला सगळे 'वा जिम, क्या बात है' करणारेच.

मार्च १९७१ मध्ये तो पॅरिसला गेला तो लिहायलाच. ३ जुलैला राहत्या घरात, बाथटबमध्ये तो मृत सापडला. कारण हृदयक्रिया बंद पडणं असं नोंदवलं गेलं आणि शवविच्छेदन झालं नाही. त्यामुळे अफवांना ऊत आला. तो जिवंत आहे इथपासून ते त्याला मारलं इथपर्यंत. मला त्यात रस नाही. त्याची सोबतीण पामेला कोर्सन तीन वर्षांनी, १९७४ मध्ये गेली, तीही सत्ताविसाव्या वर्षी. सत्तावीस म्हणजे किती हो? आपल्यातला एखादा एम.टेक. करून नोकरीला लागला की तीन वर्षांत सत्तावीसचा होतो. आयुष्याला नुकता दुसरा गिअर पडलेला असतो.

इथे एक आक्षेप येतो. रात्री दोनच्या चहाला हा आक्षेप मी दहा वेळा ऐकलाय. "अरे, प्यायला नसता तर हे लिहिताच आलं नसतं त्याला. जिनियस लोक असेच असतात." ब्रायन जोन्स १९६९ ला, जिमी हेंड्रिक्स आणि जॅनिस जॉप्लिन १९७० ला, हे सगळे सत्ताविसाव्या वर्षी गेले, म्हणजे यात काहीतरी दैवी आहे म्हणे! तारखा जुळवून बघा. डोअर्सच्या पहिल्या दोन अल्बममधलं बरंचसं त्याने प्रसिद्धीच्या आधी, त्या गच्चीवरच्या दिवसांत आणि लगेच नंतर लिहिलेलं आहे. पिणं वाढत गेलं तसं नवं लिखाण बँडच्या हाती कमी लागत गेलं. आणि जगलेल्यांचं काय? लिओनार्ड कोहेनचा पहिला कवितासंग्रह १९५६ चा, पहिला अल्बम १९६७ चा, आणि तो २०१६ मध्ये ८२ व्या वर्षी गेला, तेही त्याच वर्षी नवा अल्बम देऊन. मॉरिसनला दैवत मानणारी पॅटी स्मिथ साठी ओलांडल्यावर, २०१० मध्ये नॅशनल बुक अवॉर्ड घेऊन गेली. मग हे जिनियस नव्हेत का? फक्त यांची मरणं पोस्टरवर छान दिसत नाहीत, एवढंच.

हे सगळं मी तावातावाने लिहितोय त्याला कारण आहे. आमच्या विंगमध्ये एक मुलगा होता. नाव सांगत नाही. मराठीत इतकं सुरेख लिहायचा की फर्स्ट इयरला त्याची वही खोल्याखोल्यांतून फिरायची. सेकंड इयरला त्याला कुणीतरी पटवलं की कवीने असंच जगायचं असतं. मग पार्टीत दोन पेग झाले की टेबलावर उभं राहून कविता म्हणायची, आणि आपण सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या. कविता दिवसेंदिवस सैल होत गेल्या, टाळ्या वाढत गेल्या. चार केट्या लागल्या, मग इयर डाउन, मग वडील येऊन सामान घेऊन गेले. वही खोलीतच राहिली होती. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो आणि तुम्हीही होतात. 'ही कविता मागच्यापेक्षा वाईट आहे' असं सांगणारा एकही नव्हता.

मॉरिसनमागे खरं काय उरलं, तेही बघण्यासारखं आहे. ८ डिसेंबर १९७० ला, आपल्या सत्ताविसाव्या वाढदिवशी, त्याने स्टुडिओत बसून कविता नुसत्या वाचून रेकॉर्ड केल्या होत्या. १९७८ मध्ये तिघांनी त्याला संगीत देऊन 'ॲन अमेरिकन प्रेअर' काढला. वह्यांमधून १९८८ मध्ये 'वाइल्डरनेस' आलं, २०२१ मध्ये समग्र लेखनाचा जाडजूड ग्रंथ आला. पण मला सगळ्यात भावते ती एका प्राध्यापकाची गोष्ट. ड्यूक विद्यापीठात वॉलेस फाउली नावाचे फ्रेंचचे प्राध्यापक होते. त्यांनी १९६६ मध्ये रँबोच्या कवितांचं इंग्रजी भाषांतर केलं. १९६८ मध्ये त्यांना आभाराचं एक पत्र आलं, मला फ्रेंच सहज वाचता येत नाही, तुमच्यामुळे सोय झाली, अशा अर्थाचं. खाली सही जिम मॉरिसन. हा कोण, हे प्राध्यापकांना तेव्हा ठाऊकही नव्हतं. पुढे कळल्यावर त्यांनी डोअर्स ऐकला, शिकवला आणि १९९४ मध्ये, ऐंशी उलटल्यावर, रँबो आणि मॉरिसनवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. स्टेजवर राडा घालणारा पोरगा भाषांतरकाराला साधं आभाराचं पत्र लिहितो, हा मॉरिसन आपल्याला का माहीत नसतो?

आणि दुसरा वारसा डेन्समोरचा. २००० नंतर मँझारेक आणि क्रीगर नवा गायक घेऊन डोअर्सच्या नावाने फिरू लागले. कॅडिलॅकने एका गाण्यासाठी दीड कोटी डॉलर देऊ केले, तर डेन्समोरने आपला नकाराधिकार वापरला. नावासाठी तो २००३ मध्ये कोर्टातही गेला आणि जिंकला. मॉरिसनचे आई-वडील त्या खटल्यात त्याच्या बाजूने उभे होते. हो, तेच वडील, ज्यांनी एकेकाळी मुलाला गाण्याचा नाद सोड म्हणून पत्र लिहिलं होतं. २०२३ मध्ये क्रीगरने आणि मँझारेकच्या वारसांनी आपले हक्क एका कंपनीला विकले. त्या व्यवहारात डेन्समोर नव्हता. मित्र जाऊन पन्नास वर्षं झाली तरी त्याने सुचवलेला नियम पाळणारा माणूस म्हणजे वारसा. पेर लाशेजमधल्या थडग्यावरचा मॉरिसनचा अर्धपुतळा १९८८ मध्ये चोरीला गेला होता, तो २०२५ मध्ये पॅरिसच्या पोलिसांना सापडला. त्याची बातमी जगभर झाली. डेन्समोरची कितीजणांनी वाचली?

म्हणून शेवटी दोन विनंत्या करतो. पहिली विंगमधल्या दोस्तांना. कोणी वही आणून दाखवली तर ती नीट वाचा. आवडलं ते सांगा आणि फसलं तेही सांगा, दिवसाउजेडी, शुद्धीत. त्याला दोन दिवस राग येईल, तो येऊ द्या. दुसरी विनंती सरांना आणि मॅडमना. या मासिकासाठी आलेल्या कविता तुमच्याकडे निवडीला येतात. नापसंत झालेल्या नुसत्या परत येतात, कोऱ्या. समासात लाल पेनाने दोन ओळी तेवढ्या लिहीत चला. ड्रॉइंगशीटवर लिहिता तशा, कडक चालतील. लिहिणाऱ्याला टाळीपेक्षा त्या जास्त दिवस पुरतात.

— एक हॉस्टेलवासी, तृतीय वर्ष (मेकॅनिकल)